विहिणीचे पातळ

नागपूर,
१२ मार्च १९७६

ती. चंपतमामांस वसंताचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. कन्हानच्या घरचा जिना तुमचा गुडघा आता चढू देतो की नाही, मामींचा खोकला कसा आहे, ते कळवावे. माझी प्रकृती ठणठणीत आहे. नोकरीची मात्र तोळामासा आहे.

झाले असे की आमच्या सरांनी (गिरिधरराव, त्यांच्या हाताखाली मी समाजशास्त्राचे संशोधन करतो) लग्नात विहिणीला चिडवायच्या गाण्यांचा अभ्यास कॉम्प्युटरने करायचे ठरवले. कोणता शब्द किती वेळा येतो ते यंत्र मोजणार आणि त्यावरून बायकांच्या मनात काय आहे ते आपल्याला कळणार. (घरातल्या बाईला विचारण्यापेक्षा हे सोपे, असे त्यांचे मत.) मी तोऱ्यात आईचे नाव सांगितले आणि सरांना व त्यांच्या पत्नी अरुंधतीबाईंना घेऊन मौद्याला गेलो.

आई गाईना. "कोणाच्या तोंडाकडे पाहून गाऊ गा? विहीण तं पाह्यजे न समोर," म्हणाली. सरांनी शास्त्रासाठी आपली पत्नी पुढे केली. बाईंना पाटावर बसवले, ताट वाढले आणि आईने सूर लावला, "विहीण बसली जेवाले, गाव जमलं पाह्याले." बाईंच्या हातात नेमकी तेव्हा दुसरी पुरणपोळी होती. पुढच्या कडव्यांत त्यांचे पातळ, नाक आणि माहेर अशा क्रमाने येऊन गेले. बाई ताटावरून उठल्या. आईने गाणे पूर्ण केले, कारण टेप चालू होता.

मग ती गाणी कार्डांना भोके पाडून मुंबईच्या यंत्राकडे पाठवली. यंत्राला आपली अक्षरे येत नाहीत, म्हणून सगळे इंग्रजी लिपीत लिहिले (मीच). त्या लिपीत पातळ आणि पाताळ एकसारखेच दिसतात, हे तेव्हा लक्षात आले नाही. यंत्राने कळवले की हा शब्द सगळ्यांत जास्त येतो, आणि सरांनी 'वैदर्भीय स्त्रीमनातील पाताळाचे भय' असा निबंध लिहून काढला. भरल्या सभागृहात ते पाताळात बरेच खोल उतरले असताना पहिल्या रांगेतून अरुंधतीबाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, ते पातळ. मी नेसले आहे ते."

लोक अजून हसून राहिले आहेत. सर माझ्याशी बोलत नाहीत. दुसरा मुलगा पाहावा लागेल, असे मला ऐकू येईल इतक्या आवाजात शिपायाला सांगतात. वाईट वाटते. माणूस मनाने चांगला आहे.

आपला,
वसंता

ता. क. सरांची मुलगी प्रेमिला माझ्याबरोबर कार्डे करत होती. आम्ही लग्न करायचे ठरवले आहे. आई म्हणते, "माह्या ताटावरून उठली त्या बाईची पोरगी मले नाही पाह्यजे." ती फक्त तुमचे ऐकते. रविवारी मौद्याला जाऊन तिची समजूत काढाल का? मुख्य म्हणजे त्यासाठीच पत्र लिहिले.

आणखी एक. अरुंधतीबाईंनी मात्र लगेच होकार दिला. काहून, ते काल प्रेमिलाने सांगितले. लग्नात गातात मुलीकडच्या बायका, आणि विहीण म्हणून पाटावर बसते मुलाची आई. बाईंनी टेपवरून आईची सगळी गाणी पाठ केली आहेत. हे आईला तूर्त सांगू नये.