उंबऱ्यावरून अर्धा टीव्ही

२३ मे, शनिवार

खुनी ओळखला! दुसरी जाहिरात लागायच्या आत. बँकेचा मॅनेजर. सगळे बिचाऱ्या ड्रायव्हरच्या मागे, पण मी मॅनेजरचा हॉल पाहिला आणि समजलो. सोफ्यावरचं प्लास्टिक चार वर्षांत काढलेलं नाही, चपला रांगेत, बायकोचा एकही फोटो नाही. घरात कुणी आरामात बसलेलं ज्याला खपत नाही, तो माणूस काहीही करेल. सेट लावणाऱ्याला मानलं! तीस वर्षं तलाठी होतो. लोकांच्या ओसरीवर बसलो की मलाही माणूस असाच कळायचा.

विमल असती तर म्हणाली असती, "तुम्हाले कसं कळते हो?" ती पंधरा दिवसांपासून घाटंजीला, भाऊ किसनरावांकडे. त्यांच्या मुलाच्या लग्नाला दोघं गेलो, मी एकटा पुसदला परतलो. रीत अशी की बहिणीला भावाने आणून सोडावं. अजून आणलं नाही.

२६ मे

किसनरावांना फोन केला. "राहू द्या ना भाऊजी तिले थोडे दिवस." विमलला द्या म्हटलं. "ती भाकरी टाकून राह्यली." दुपारी चार वाजता भाकरी?

मग आठवलं — धोंड्याचा महिना! तीन वर्षांनी येतो, जावयाला जेवायला बोलावतात. तेव्हाच दोघांना सोबत पाठवायचा विचार असेल. एवढंच असणार. पांढरा शर्ट इस्त्रीला टाकला.

३१ मे

बोलावणं नाही. आपण होऊन गेलो तर शोभणार नाही. भाजी जळाली. मीठ कुठल्या डब्यात आहे ते सापडायला अर्धा तास.

२ जून, मंगळवार

आजच्या भागात बाई बेपत्ता. इन्स्पेक्टरबाई तिच्या घरात फिरते, कपाटं उघडते, आणि नवऱ्याला विचारते, "या घरात तिची बसायची जागा कोणती?" नवरा खोलीभर नजर फिरवतो. मी हसलो. इतका कसा बावळट, म्हटलं.

मग टीव्ही बंद केला आणि उठून आमचंच घर पाहिलं. पंचनामा करावा तसं.

खुर्ची माझी. पंखा माझ्या खुर्चीवर. माझे चष्मे, माझी वर्तमानपत्रं, निरोप समारंभाचा माझा फोटो, माझ्या गोळ्यांचं फडताळ. विमलचं काय? स्वयंपाकघराच्या दारामागे एक खिळा. त्यावर तिची पिशवी असायची. पिशवी ती घेऊन गेली.

मालिका पाहताना ती उंबऱ्यावर बसायची, गॅसकडेही लक्ष राहावं म्हणून. तिथे जाऊन बसलो. लोखंडी कपाट मध्ये येतं. अर्धाच टीव्ही दिसतो! अकरा वर्षं ती विचारायची, "आता कोण आलं?" आणि मी खेकसायचो, "नीट पाहात जा ना!"

तिथेच बसून राहिलो.

३ जून

घराबाहेर पडलो नाही.

६ जून

अब्रारला बोलावलं. आमचा टीव्ही, डिश सगळं तोच पाहतो. टीव्ही दुसऱ्या भिंतीवर घेतला, कपाट आतल्या खोलीत ढकललं, दोन सारख्या खुर्च्या आणल्या. वायर ओढताना म्हणाला, "काका, मी मागच्या साली म्हटलं होतं, इकडे लावू म्हणून. तुम्ही म्हणाले, कायले? कोणाले अडचण आहे?"

तसं म्हणालो होतो खरं.

तो गेल्यावर दोन्ही खुर्च्यांवर आळीपाळीने बसलो. सगळं दिसतं. पण खोली खोटी वाटते. पोलीस यायच्या आधी घाईघाईने आवरलेली असते ना, तशी. मी मालिकेत पाहिली असती तर लगेच बोट दाखवलं असतं. हाच तो!

९ जून

अपेक्षाला फोनवर सांगितलं की तुझ्या आईसाठी टीव्ही हलवला. पोरगी म्हणाली, "बाबा, तिले काय पाह्यजे ते एकदा तरी विचारलं का?"

कसं विचारू? ती फोनवर येत नाही! मी ओरडलो. मग रडलो. मुलीसमोर पहिल्यांदाच. विमल आली नाही तर मी काय करणार आहे? मला खरंच माहीत नाही.

१२ जून

भूक नाही. मालिका लावली नाही.

१५ जून, सोमवार

धोंड्याचा महिना आज संपला. शर्ट घडीतच.

संध्याकाळी किसनरावांचा फोन. आवाज पडलेला. "भाऊजी, राग नका धरू. तुम्हाले बोलावलं असतं तं तिले तुमच्या बाजूच्या पाटावर बसवा लागलं असतं. ती नाही म्हणे. म्या लय समजावलं." आणि मग, "ती माझ्या घरी नाही आता. वीस दिवस झाले. शाळेमागं खोली केली तिनं. बचत गटात शेवया-पापड करते."

म्हणजे मी बोलावण्याची वाट पाहात बसलो होतो तेव्हा ती तिथे नव्हतीच. आणि मला शोभण्या-न शोभण्याची पडली होती. गाढव!

१८ जून, गुरुवार

सकाळच्या एसटीने गेलो. विमलने दार उघडलं, "या" म्हणाली. पाणी दिलं. मी सवयीने खोली पाहू लागलो. पिवळी चादर. खिडकीत मोगरा. भिंतीवर शाळेच्या खो-खो संघाचा फोटो, मधोमध ढाल धरलेली मुलगी म्हणजे विमल. छत्तीस वर्षांत मला हे माहीत नव्हतं. अशी खोली टीव्हीवर दाखवली असती तर इथे कोण राहतं ते मला सांगता आलं नसतं.

टीव्ही नव्हता. घरचा हलवला, आता पूर्ण दिसतो, असं सांगितलं. ती म्हणाली, "मले ते खुनाचं कधीच आवडे नाही. तुम्ही एकटे बसान म्हणून बसत होती मी."

चल म्हणायला गेलो होतो. म्हणालो नाही. परत येऊ का, एवढंच विचारलं.

"या. पण फोन करून येत जा."

माझ्याकडे तिचा नंबर नव्हता. तिने कागदावर लिहून दिला.