शेटजीची शाल

घाटंजी, गुरुवार, सांजेले

आज मी थकली. कामानं नाही, या शालीनं.

परवा कापसाच्या जिनिंगात आम्ही बाया काम बंद करून बसलो होतो. मागणी एकच, संडासले दार पाहिजे. मी आत गेली का शांता पदर आडवा धरून बाहेर उभी राह्यते, ती गेली का मी. बोलली कोण? मीच. शेटजी म्हणाले, "पाहू."

आज वजनकाट्याची पूजा होती. दरसाल पहिला कापूस आणणाऱ्या शेतकऱ्याले शाल-नारळ देतेत. औंदा शेटजीनं माईकवर माझं नाव घेतलं. "ही आमच्या घरचीच." खांद्यावर शाल पडली अन् हात आपोआप जुळले. वाकली बी. काहून वाकली मी? टाळ्या झाल्या. दाराचं नाव कोणीच काढलं नाही. मी बी नाही.

घरी येताना शांता एवढंच बोलली, "शाल चांगली आहे वं तुही."

आल्यापासून शाल खुंटीवर आहे. सासू म्हणते, थंडीत कामी येईन. मऊ आहे, जाड आहे. आता नीट पाह्यलं तं बरोबर दाराएवढी आहे.

उद्या दोन खिळे घेऊन जाईन. शांताले म्हणीन, धर वं एक कोपरा.