औषध घेतलंस का?

शनिवार, १२ ऑगस्ट १९७८. दुपारपर्यंत ऑफिस, मग फ्रेंचचा वर्ग. सातच्या सुमारास भिसेगावला घरी आलो.

आई, आमच्या औषधांच्या ऑफिसात फ्रान्सहून पत्रं येतात, म्हणून मला या वर्गाला पाठवलंय. आज आजारपणाचा धडा होता. बाई म्हणाल्या, औषध घेणं म्हणजे ‘प्रांद्र’. माझ्या शेजारी बसलेले पेणचे गृहस्थ म्हणाले, “बाई, आमच्याकडं औषध खातात!” सगळे हसले. बाईंनी विचारलं, “मग घेता काय?” “घेतो दुकानातून.” “त्याला ‘आश्ते’. विकत घेणं वेगळं आणि पोटात घेणं वेगळं. घोटाळा करू नका हं.” सगळ्यांनी वहीत उतरवलं. मी पेन मिटून ठेवलं.

तुला जाऊन अकरा वर्षं झाली. कर्जतच्या डॉक्टरांनी छातीच्या गोळ्या लिहून दिल्या, तू स्वतः बाजारात जाऊन आणल्यास. मी रोज सकाळी दारात बूट घालताना विचारायचो, “आई, औषध घेतलंस का?” तू चुलीपाशी बसलेली. मान वर न करता म्हणायचीस, “घेतलं रं, कवाच घेतलं. किती डाव इचारशील? जा, गाडी चुकंल.” पाचव्या दिवशी तू गेलीस. फळीवर पुडी सापडली, दुकानदाराची सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती. दहाव्याला आलेल्या सगळ्यांना मी सांगितलं, आई माझ्याशी खोटं बोलली. मावशी म्हणाली, “खोटं नाय रं. दुखंल तवा खाईन, म्हनाली व्हती मला.” मी तिच्यावरही चिडलो.

आपल्या घरात औषध कुणी ‘घेत’ नव्हतं, खात होतं; घ्यायचं ते दुकानातून. मला ताप आला की तू विचारायचीस, “गोळी खाल्लीस का रं?” ‘घेतलंस का’ हे मी शाळेतून आणलेलं. मी माझ्या भाषेत विचारत राहिलो, तू तुझ्या भाषेत खरं तेच सांगत राहिलीस. अजूनही बूट घालताना स्वयंपाकघरातून ‘घेतलं रं’ ऐकू येतं. मी वळून बघत नाही.

आज वर्गात क्षणभर बरं वाटलं, की चूक शब्दाची होती. पण चौथ्या दिवशी सकाळी ती पुडी मला दिसली होती. सुतळी तशीच होती. विचारणार होतो, तेवढ्यात घड्याळाकडे लक्ष गेलं. हे मी मावशीलाही सांगितलेलं नाही.

तुला लिहिलेलं हे पान फ्रेंचच्या वहीतच राहू देतो. शर्ट बादलीत भिजत घातला, कॉलरला साबण लावला.