औंधच्या टेकडीवरचं कंदीलपुष्प

१४ ऑगस्ट, सातारा

संयोगिताचा फोन. माझी जुनी विद्यार्थिनी, आता सांगलीला प्रयोगशाळेत असते. सगळ्या कंदीलपुष्पांचा डीएनए तपासून वंशवृक्ष काढतेय – कोण कुणाची सख्खी बहीण, कोण नुसती शेजारीण. "बाई, तुमचं औंधचंही घेऊ?" घेऊ म्हणजे काय! वीस वर्षं सांगतेय, ती प्रजाती वेगळी आहे. आणि आमचे विभागप्रमुख मानसिंगसर वीस वर्षं म्हणतायत – "बाई, ते साधंच, नेहमीचं कंदीलपुष्प आहे. फूल कोरड्या हवेनं आखूड झालंय." माणूस निवृत्त झाला, वाक्य होत नाही.

१७ ऑगस्ट

औंध. गुडघे कुरकुरले, तरी चढले. वेल सापडली, फुलासकट – करंगळीएवढा कंदील. मेंढ्या घेऊन धुळा आला. "आवं बाय, कंद सोडून पानं न्हेताय व्हय? कंद भाजून लय ग्वाड लागतो." या वेलीला हात लावायचा नाही, म्हणून दम दिला. तो हसला. मग मीही. पानं वाळायला सिलिकाच्या डबीत घातली आणि चक्क गुणगुणत उतरले.

२ सप्टेंबर

मानसिंगसरांनीही पान पाठवलंय, मलकापूरजवळच्या डोंगरावरचं. "साध्याचा नमुना शेजारी ठेवा, म्हणजे बाईंची खात्री पटेल." काय हा तोरा! वेलीला फूलसुद्धा नव्हतं म्हणे. फुलाशिवाय कंदीलपुष्प ओळखायचं? शाळेत आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टरनी शून्य देऊन बाकावर उभं केलं असतं.

९ ऑक्टोबर

निकाल नाही. पुन्हा फोन केला. "बाई, भाकरी नाही ही, थापली की झाली." उद्धट. माझ्यावर गेलीय.

२१ नोव्हेंबर

औंधचं साधंच निघालं. वंशवृक्षात साताऱ्याच्या साध्या वेलींबरोबर एकाच फांदीवर. फोन ठेवायला निघाले. तेवढ्यात संयोगिता म्हणाली, "थांबा, अजून आहे." मानसिंगसरांचं 'साधं' कुणाशीच जुळत नाही. दुसरं पान मागवून पुन्हा तपासलं – तेच. वेगळी फांदी, वेगळी प्रजाती. मला खोटं पाडायला पाठवलेलं पान! दुपारपासून हसतेय, चहा दोनदा उतू गेला.

२२ नोव्हेंबर

पुढच्या पावसाळ्यात फूल मिळालं की प्रजातीला नाव द्यायचं. शोधणाऱ्यानं स्वतःचं देऊ नये, असा रिवाज. मानसिंगसरांनी माझं सुचवलंय. म्हणाले, "आता हिला साधी म्हणायची माझी छाती नाही."