अर्धा सूर खाली

प्रिय मौनी,

काल तुमच्या बँडचा ड्रमवाला तुझ्या दारातून गिटार घेऊन तसाच परत आला. "तो म्हणतो ही तिने दिलेली आहे, आता माझा हक्क नाही," एवढं सांगून त्याने गिटारची पेटी माझ्या सोफ्यावर आडवी ठेवली आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेला. म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं. फोन तू उचलत नाहीस, आणि तुझे तीन मजले चढणं माझ्या गुडघ्यांना मंजूर नाही. पत्र शेवटपर्यंत वाच. मध्येच उठून जायची तुझी सवय मी गेल्या रविवारी पाहिली आहे.

भोंगा गेली त्याला आज चोवीस दिवस झाले. पोस्टरवर तिचं नाव वेगळं असेल, पण आमच्या घरात पहिल्यांदा जेवायला आलास त्या दिवसापासून तूही तिला भोंगाच म्हणत आलास. ती जन्मली तेव्हा तिचं रडणं ऐकून शेजारच्या कारखान्यातली माणसं पाळी सुटली समजून डबे घेऊन बाहेर आली, असं आई सांगायची. आईच्या सांगण्यातलं निम्मं सोडून दे, तरी उरलेलं पुरेसं आहे. मी तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी, शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी. तुमच्या रॉकला मी एकोणीस वर्षं आरडाओरडा म्हटलं. कार्यक्रमाला मात्र यायचे. शेवटच्या रांगेत, कानात कापूस घालून. कापसाचं तिला ठाऊक होतं. तो घालणं मी कधी बंद केलं, हे तिला सांगायचं राहून गेलं.

ती गेल्यापासून फाटकाशी रोज माणसं येतात. पहिल्या दिवशी इतकी गर्दी झाली की शेजाऱ्यांची गाडी निघेना, तेव्हा मी बाहेर जाऊन सगळ्यांना भिंतीच्या कडेने रांगेत उभं केलं. काळे शर्ट, हातभर गोंदण, आणि शाळेतल्या पोरांसारखी निमूट उभी राहिली रे! एक बसचालक बाई गणवेशातच आली होती. म्हणाली, "पहाटेची पहिली फेरी मी तुमच्या बहिणीच्या आवाजावर काढते, नाहीतर डोळा लागतो." एक पांढऱ्या दाढीचा सुतार आमचं कुरकुरणारं फाटक दुरुस्त करून गेला. मी कडक बाई आहे, सहसा हुरळत नाही. पण त्या दिवशी मी फाटकाशी ताठ उभी राहिले ती पाठ दुखत होती म्हणून नव्हे.

आता रविवारचं. तुमच्या सरावाच्या शेडमध्ये तिच्या आठवणीसाठी सगळे जमले, आणि पहिलं गाणं सर्वांनी मिळून वाजवायचं म्हणून चाहत्यांनी आपापल्या गिटारी आणल्या. मी मोजल्या, त्रेचाळीस होत्या. सगळ्यांनी जुनी रेकॉर्ड ऐकून सूर लावलेला. तू सुरुवात केलीस, ते मागून आले, आणि असा काही कर्कश गोंधळ झाला की कापूस आणायला हवा होता असं मला वाटलं. मग तू माइकवर येऊन सांगितलंस, की तिच्या घशावर उपचार झाल्यापासून तीन वर्षं तुम्ही तारा अर्धा सूर खाली लावत होता. ती सराव सुरू करायला यायच्या आधी तू गुपचूप उतरवायचास, कारण "सूर उतरवण्यापेक्षा मी गाणं सोडेन" असं ती म्हणाली होती. हाताला सवय झाली म्हणून आजही तसंच लावलंस. "तिला माहीत नव्हतं," म्हणालास. आणि पहिल्या रांगेतून उठून मी बोलले, "म्हणजे तीन वर्षं तू तिला फसवलंस." तू गिटार खाली ठेवलीस आणि गेलास.

त्यानंतर काय झालं ते तुला माहीत नाही. कोणी ओरडलं नाही, कोणी निघून गेलं नाही. तो सुतार उठला, आपल्या गिटारीची पहिली तार सैल करू लागला. मग बस चालवणारी बाई. मग सगळेच. तुमची बेसवाली मध्ये उभी राहून एकेक सूर देत होती आणि त्रेचाळीस माणसं माना खाली घालून खुंट्या पिळत होती. वीस मिनिटं लागली. मग त्यांनी गाणं म्हटलं, ती शेवटची तीन वर्षं म्हणायची त्या सुरात. शेडचे पत्रे थरथरत होते. चाळीस वर्षं मी वर्गात शांतता राखली, पण एवढ्या मोठ्या आवाजाचा अभिमान मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटला. तू मात्र रस्त्यावर पोचला होतास.

परवा मी तिचं कपाट आवरायला घेतलं. तिथे ती राखाडी वही मिळाली, सरावानंतर ती पेन्सिलीने काहीबाही लिहायची ती. तीन वर्षांपूर्वीचं एक पान जसंच्या तसं उतरवते: "आज मौनीने तारा उतरवल्या. चेहरा चोरासारखा. मी गप्प. बोलले तर तो परत चढवेल आणि मला गाणं सोडावं लागेल. मला कळलं नाही असंच त्याला वाटू दे. वरचा सूर लागला आज, किती दिवसांनी! ताईला सांगायचं नाही, ती न्यायनिवाडा करत बसेल." अरे, छताच्या पंख्याचा सूर सांगणारी ती बाई. तिला कळणार नाही असं तुला तीन वर्षं कसं वाटलं? आणि मला एका मिनिटात कसं पटलं? तिने मला बरोबर ओळखलं होतं. मी चुकले, मौनी, आणि चारचौघांत चुकले. हे वाक्य मी फारदा लिहिलेलं नाही, म्हणून अक्षर हललं असेल. रविवारी दहा वाजता शेड उघडेल, तेव्हा चारचौघांतच मी हे पुन्हा सांगणार आहे. तू समोर असलास तर बरं. तुझ्या जागी त्यांनी कोणाला घेतलेलं नाही, शोधतही नाहीत. या वेळी सामान बेसवालीबरोबर पाठवते. ती ड्रमवाल्यासारखी परत फिरणार नाही, पायरीवर बसून राहील.

तुझीच,
भोंगाची आणि आता तुझीही ताई

सोबत दिलं: गिटार एक, काळ्या पेटीत, पट्ट्यासह. राखाडी वही एक, ते पान दुमडून ठेवलं आहे. तारा सहा, अर्धा सूर खाली, तू ठेवून गेलास तशाच. बेसवालीने तपासल्या आहेत, मी हात लावलेला नाही. मिळाल्याची सही करून कागद तिच्याकडे दे.