जतन न केलेलं काम

४ नोव्हेंबर, सोमवार

देवाच्या कृपेने सुखरूप पोचले. सूनबाई स्टँडवर घ्यायला आली होती. पिशवी उचलताच विचारू लागली की आई, यात कपडे आहेत की जातं. खरं तर तीन जोड कपडे, देव, दोन डबे आणि वह्या एवढंच होतं; पण तिला हसताना बघून बरं वाटलं, म्हणून जातंच आहे म्हणाले. गेल्या उन्हाळ्यात माझा मुलगा गेला, त्यानंतर तिचं हसू आजच ऐकलं.

घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. उजेड इतका, की दिवसा दिवा लावायचं काम नाही. माझी खाट तिने खिडकीजवळ टाकली आहे, देवांसाठी फळी ठोकून घेतली आहे. आल्या आल्या मी न्हाणीघरात उगाच जळणारा दिवा बंद केला, तर म्हणाली, तुमचा लेक थेट तुमच्यावर गेला होता, मी त्याला चिंगूस म्हणायचे. मी म्हटलं, जो वाया घालवत नाही त्याला चिंगूस म्हणत नाहीत. मग दोघी गप्प झालो. पण आजवर एकटी गप्प बसत होते, आज दोघी बसलो, एवढा फरक.

नवी वही घातली. हिशेब मागच्या बाजूने, रोजनिशी पुढच्या बाजूने.

६ नोव्हेंबर, बुधवार

सूनबाई घरीच काम करते. एका कंपनीसाठी दवाखान्यांची बिलं तपासायची, कॉम्प्युटरवर. कॉम्प्युटर माझ्या लेकाचाच. टेबल, खुर्ची, खुर्चीवरची चपटी झालेली उशी, सगळं त्याचं.

तो गेला तोही याच खुर्चीत. भर दुपारी. तिने स्वयंपाकघरातून जेवायला दोनदा हाक मारली. त्याने ओ दिली नाही. काम करताना तो असाच, दगडासारखा बसायचा. तिला राग आला, ती एकटीच जेवायला बसली. तिसरी हाक मारली असती तर, हे ती अजून घोकते. मी तिला सांगते की डॉक्टर म्हणाले ना, एका क्षणात झालं. ती मान हलवते आणि पुन्हा घोकते.

मागच्या महिन्यात कंपनीने कळवलं की जुनी सिस्टिम चालणार नाही, नवी घाला. दुरुस्तीवाला येऊन घालून गेला. तेव्हापासून कॉम्प्युटर गोगलगाय झाला आहे. सकाळी सुरू करावा, चहा ठेवावा, प्यावा, कप विसळावा, मग कुठे पडदा उजळतो. एक बिल उघडेपर्यंत माझी एक माळ जपून होते. कंपनीतल्या बाईंनी तिला दोनदा टोकलं आहे. ही नोकरी गेली तर हे घर राहणार नाही, हे न बोलता दोघींना कळतं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

दुरुस्तीवाला आला. काहीही विचारा, होऊन जाईल म्हणतो, म्हणून आम्ही त्याचं नावच होऊन-जाईल ठेवलं आहे. त्याने पेटी उघडली, ब्रशने धूळ काढली. पंख्यात इतकी धूळ, की मला लाज वाटली. सुरू होताना आपोआप उघडणाऱ्या दहा गोष्टी बंद केल्या. माझी मॅट्रिकची अक्कल पुरेल तेवढं समजावून सांगितलं: डिस्क धड आहे, विषाणू नाही, सिस्टिम नीट बसली आहे, तरी सगळी ताकद कुठेतरी खर्च होते आहे. गळका नळ शोधतात तसं शोधावं लागेल.

पडद्यावर सुरुवातीला दोन नावं येतात. एक सूनबाईचं, एक त्याचं. त्याचं खातं काढून टाकूया का, तिथेच भार असेल, असं होऊन-जाईलने विचारलं. सूनबाई उठून आत गेली. मीच म्हटलं, राहू दे हो. तो म्हणाला, बरं, तसंही होऊन जाईल. फक्त रोज काम झालं की नीट बंद करत जा.

१० नोव्हेंबर, रविवार

कॉम्प्युटर बंद करताना सूनबाई डोळे मिटून घेते. मी कारण विचारलं. म्हणाली, तुम्हीच बघा.

बंद करायचं बटण दाबलं की पाटी येते: ‘अजून कोणीतरी हा कॉम्प्युटर वापरत आहे. आता बंद केल्यास त्यांचे जतन न केलेले काम नष्ट होईल. तरीही बंद करायचे?’

नवी सिस्टिम घातल्यापासून रोज येते. होऊन-जाईल म्हणतो की जुन्या खात्याचं काहीतरी उघडं राहिलंय, घाबरू नका. सूनबाई डोळे मिटते आणि ‘होय’ दाबते. रोज. मी म्हटलं, उद्यापासून हे काम माझं. तू काम झालं की उठत जा, मी बंद करेन.

१३ नोव्हेंबर, बुधवार

मी बंद करत नाही.

लिहून ठेवते, या वहीत आजवर खोटं लिहिलेलं नाही. जन्मभर जळता दिवा मागे सोडून खोलीबाहेर पडले नाही अशी मी, पण त्या ‘होय’वर बोट जाईना. फक्त पडदा मालवते आणि पेटीच्या बारीक दिव्यावर रुमाल टाकते.

दुपारी त्याच्या कामाच्या वेळेला तो दिवा लुकलुकत असतो, कुणी मन लावून काम करत असल्यासारखा. मी माळ घेऊन शेजारी बसते. देवांची फळी पाठीमागे राहते, देव माफ करेल. घरात माणूस असल्यासारखं वाटतं.

कॉम्प्युटर मात्र आणखी मंदावला आहे. कंपनीतल्या बाईंनी सूनबाईला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून धावले. सूनबाई गॅससमोर उभी होती, हातात पळी, डोळे उघडे. दूध ओट्यावरून तिच्या पायावर ओघळत होतं. मी खांदा हलवला. हलली नाही. मग एकदम, मध्ये काही झालंच नाही अशी, आधी अर्धं राहिलेलं वाक्य तिने पुरं केलं: “...आणि आई, साखर संपत आली आहे.”

पाय भाजल्याचं तिला मागून कळलं. झोप कमी होते, म्हणाली.

माझा लेक खुर्चीत कसा सापडला होता, ते तिनेच सांगितलेलं मला आठवत राहिलं. डोळे उघडे.

१७ नोव्हेंबर, रविवार

होऊन-जाईल नवी, वेगवान डिस्क घेऊन आला. आधी आत बघतो म्हणाला. कोण किती ताकद घेतंय त्याची यादी उघडली. माझ्या लेकाच्या नावापुढचा आकडा सावकाश चढत होता. बघता बघता होऊन-जाईल थांबला. हातात पेचकस तसाच, तोंड किंचित उघडं. मी ठेवलेल्या चहावर साय धरली. सूनबाई हाक मारत होती, मला हाकही मारवेना.

शुद्धीवर आल्यावर त्याने गार चहाच्या कपाला हात लावून बघितला. मग माझ्याकडे बघितलं. हळूच म्हणाला, “काकू, ते खातं काढल्याशिवाय नाही होणार.”

पेचकस टेबलावरच राहिला. फोन उचलत नाही.

सूनबाई म्हणाली, काढून टाकूया आई, मी त्याच्या फोटोशी बोलेन. मी म्हटलं, दोन दिवस थांब.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

ती भाजी आणायला गेली तेव्हा त्याच्या नावावर बोट ठेवलं. परवलीचा शब्द कुणालाच ठाऊक नाही. पण काही विचारलं नाही. उघडलं.

एकच पान होतं. मला पत्र. त्या दुपारी तो मला लिहीत होता.

‘आई, आता तू इकडेच राहायला ये. एकटी राहू नकोस. खिडकीजवळची जागा तुझी. इथे तुला काही’

एवढंच. पुढे उभी रेघ लुकलुकते आहे.

पदर तोंडात धरून रडले. सूनबाई परत आली, स्वयंपाकघरात भाजी निवडू लागली. मी पुन्हा बघितलं तेव्हा पुढे एक अक्षर आलं होतं. ‘क’. मग ‘मी’. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. तिला दाखवायला धावले तर ती गवारीची शेंग बोटांत धरून — तशीच.

२० नोव्हेंबर, बुधवार

नीट बघितलं. ती थांबते तेव्हाच अक्षर येतं. एरवी नाही.

पुढचं मला ठाऊक आहे. इथे तुला काही कमी पडणार नाही. म्हटलं, आपणच पुरं करू, त्याचं काम संपेल, तो उठेल. एका बोटाने ‘पडणार नाही’ लिहिलं. एकेक अक्षर मागून पुसलं गेलं.

लहानपणीही असाच. त्याच्या वहीत मी अक्षर काढून दिलं की खोडून स्वतः काढायचा. दुसऱ्याने केलेलं त्याला चालत नसे.

दुसऱ्याचं घ्यायचाही नाही तो. कधीच नाही. त्याला कळत नसणार, कुणाचं घेतोय ते.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज ती दारात थांबली, एक पाय उंबऱ्याबाहेर. गालाला हात लावला, गार. माझ्या सगळ्या माळा झाल्या तरी —

मग आली. मला मिठी मारून विचारलं, “आई, मी कुठे गेले होते?” काय सांगू.

पानावर ‘पड’.

बंद करायला हवं. उद्या करते. आज नाही — अजून दोनच शब्द आहेत — देवा, मी काय लिहिलं हे. सून आहे ती माझी. लेक आहे.

उद्या सकाळी. नक्की.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी झालं नाही. तिला काम होतं. खोटं. मलाच जमलं नाही.

दुपार. ताटं मांडली आहेत. ती स्वयंपाकघरात उभी, हाक मारायला तोंड उघडलेलं, हाक नाही. पापणी नाही. नाकाशी सूत धरलं, हलत नाही —

टेबलाशी आले. बटण दाबलं. पाटी आली. कोणीतरी वापरत आहे. त्यांचे काम नष्ट होईल.

वही मांडीवर. उजवा हात ‘होय’वर. डाव्याने लिहितेय, म्हणजे उजव्याला विसरता येईल.

बोट जात नाही. तो दुसऱ्यांदा जाणार, आता माझ्याच हाताने —

त्याला म्हटलं, पुरे, बाळा. जेवायला ऊठ. ताट वाढलंय. आणि मग न ठरवता तोंडातून निघून गेलं — तिचं नको घेऊस. माझं घे.

आत ताट पडलं. ती हलली. देवा, हलली. भांडी आवरतेय, स्वतःवरच चिडलीय, किती गोड चिडते —

‘णा’ आलं. ‘र’.

उजवा हात उचलत नाही. बोट तिथेच आहे, दाबत नाही. पाय नाहीत. डावा अजून —

हाक आली. “आई, जेवायला या.”

ओ देते आहे. आवाज नाही.

‘ना’

दुसरी हाक. जरा रागाची. बरोबर आहे, अन्न गार होतंय.

सूनबाई, रागावून जेवायला बसू नकोस. दोन हाकांवर थांबू नकोस. मी काम करत नाहीये. ये. माझं बोट आहे तिथे तुझं ठेव, डोळे मिटून, रोज दाबायचीस तसं —

तिसरी हाक मार बाळ, तिस