बाईसाहेब आणि मूठभर माती

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे तो उभ्यानेच घातला आहे, गोड मानून घ्यावा.) तुमचा खोकला कसा आहे? एकट्याने जेवायचा कंटाळा करत नाही ना? आम्ही मजेत आहोत आणि तुमच्या बाईसाहेबही मजेत आहेत. अकरा वर्षं पोटच्या पोरीसारखी वाढवलेली ही ‘कोई’ जातीची रंगीत मासोळी, तुमचं तळं दुरुस्त होईपर्यंत, तुम्ही आमच्या परसातल्या तळ्यात विश्वासाने सोडलीत. कालच मी त्यांना या डोळ्यांनी पाहिलं.

बरोबर तुम्ही चिकणमातीच्या पुडीची पिशवी दिली होती आणि तिच्यावर चिठ्ठी: रंग खुलण्यासाठी आठवड्यातून एक मूठ, पाणी थोडा वेळ गढूळ होईल, घाबरू नये. (‘आठवड्यातून’ हा शब्द चिठ्ठीच्या दुमडलेल्या कोपऱ्यात होता, तो आम्हाला फार उशिरा सापडला.) पण मामा, जन्मभर औषधाच्या दुकानात काढलेल्या माणसाने मूठ कोणाची हे लिहायला नको? सासरेबुवांनी चाळीस वर्षं बेकरीत मैदा मळलाय, त्यांच्या एका मुठीत माझ्या तीन मावतात. शिवाय आमच्या घरात कोणाचा कोणावर भरवसा नाही. मी विसरणार अशी बायकोची खात्री, म्हणून ती सकाळी गुपचूप माती घालायची. ती विसरणार अशी माझी खात्री, म्हणून मी दुपारी. सासरेबुवांना आपण घातली की नाही हेच आठवत नाही, म्हणून ते येता-जाता. शेवटी गुरुवारी तिघेही मुठी मिटून एकाच वेळी तळ्याकाठी भेटलो. कोणीच मूठ उघडेना.

तोवर पाणी दूध जास्त झालेल्या चहासारखं झालं होतं आणि फिल्टर बंद पडला होता. प्लंबरने तो उघडला, आत बोट घातलं आणि विचारलं, “विटा पाडायच्यात का?” आता त्याच्या सांगण्यावरून रोज थोडं थोडं पाणी बदलतो, हवेचा पंप चालू ठेवतो. बायको माझ्याशी बोलत नाही, तळ्याशी बोलते. बाकी काळजीचं काही कारण नाही.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. वर ‘या डोळ्यांनी पाहिलं’ असं लिहिलंय, तिथे ‘बुडबुडे पाहिले’ असं वाचावं. बाईसाहेब पाच दिवस दिसलेल्या नाहीत. तुम्हाला तोंड कसं दाखवू, या विचाराने घास उतरत नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवता चिकटवता परसातून हाक आली. बाईसाहेब वर आल्या! कपाळावरचा तांबडा ठिपका असा खुललाय की काय सांगू. बायकोच्या हातून खाल्लं. मग बायको रडली, मीही थोडा रडलो आणि सासरेबुवा पुन्हा पिशवीकडे निघाले, त्यांना धरून बसवलंय.

ता. क. ३. आता खरं लिहितो. बायको म्हणते, मासोळी परत देणार नाही. आणि त्या एवढ्या मोठ्या घरात तुम्ही एकट्याने तरी काय करणार? मामा, तिला न्यायला म्हणून येऊ नका, राहायला म्हणून या. सासरेबुवांनी आपली अर्धी खोली तुमच्यासाठी रिकामी केली आहे. (खिडकीकडची अर्धी मात्र ते देणार नाहीत.)